टीईटी, टेट आणि पवित्र पोर्टल: शिक्षक भरतीत कागद कुठे अडतो आणि स्क्रीन कुठे

जुनं डी.एड. करून दहा वर्षं घरी बसलेली उमेदवार आणि यंदा बी.एड. संपवलेला मुलगा, दोघांनाही आता एकाच वाटेने जावं लागतं. महाराष्ट्रात शिक्षक भरतीचा अर्ज शाळेत नेऊन द्यायचे दिवस गेले, आता तो ‘पवित्र’ या राज्य सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन भरावा लागतो. त्यातून एक गोष्ट झाली आहे. अभ्यासात कच्चे राहून मागे पडणाऱ्यांइतकेच लोक फॉर्ममधल्या एका चुकीच्या नोंदीने मागे पडतात. म्हणून पात्रता थोडक्यात आणि फॉर्मबद्दल जरा सविस्तर.

पहिली ते पाचवीसाठी बारावीला किमान ५० टक्के (राखीव प्रवर्गाला ५ टक्के सवलत) आणि डी.एल.एड. म्हणजे पूर्वीचं डी.एड. लागतं. इथे बी.एड. चालत नाही. ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर याबद्दल शंका ठेवू नका. क्लासवाले काहीही सांगोत. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि डी.एल.एड. किंवा बी.एड. नववी-दहावीसाठी पदवी आणि बी.एड., तर अकरावी-बारावीसाठी त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि बी.एड.

पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण असणं बंधनकारक आहे. केंद्राची सीटीईटीही चालते. पेपर १ पहिली ते पाचवीसाठी, पेपर २ सहावी ते आठवीसाठी. प्रत्येकी १५० प्रश्न, १५० गुण, १५० मिनिटं. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के म्हणजे ९० गुण, राखीवला ५५ टक्के. पेपर २ मध्ये गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र यांपैकी एक निवडावं लागतं, आणि पुढे पोर्टलवर कोणती पदं दिसतील ते बरंचसं इथेच ठरतं. बी.एस्सी. झालेल्याने सोपं जाईल म्हणून सामाजिक शास्त्र घेतलं, की विज्ञानाच्या जागा समोर असून त्याला मिळत नाहीत. प्रमाणपत्र आता आजीवन वैध आहे, त्यामुळे २०१३ चं असलं तरी टाकून देऊ नका.

नवीन टीईटी देणाऱ्यांनी झडतीची, बायोमेट्रिकची आणि कॅमेऱ्यांची तयारी ठेवावी. २०१९-२० च्या परीक्षेतल्या गैरप्रकारात साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली, त्यानंतर ही कडक व्यवस्था आली. उत्तरपत्रिका मात्र अजून कागदीच आहे. काळ्या बॉलपेनने उत्तराचा गोल एकदा भरला की खोडता येत नाही.

दुसरी पायरी टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. पहिली २०१७ मध्ये झाली, नंतर थेट २०२३ मध्ये आणि मग २०२५ मध्ये. यात पास-नापास नाही. मिळालेल्या गुणांवरच क्रम लागतो, म्हणून एकेक गुण जपावा लागतो. दोन तासांत २०० प्रश्न: अभियोग्यतेचे १२० आणि बुद्धिमत्तेचे ८०. प्रत्येकाला सरासरी ३६ सेकंद. ही परीक्षा संगणकावर असते, आणि माउस हातात न धरलेल्याला अडचण प्रश्नांची कमी आणि स्क्रीनची जास्त येते. उत्तरावर क्लिक करून ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ न दाबता उजवीकडच्या क्रमांकांच्या चौकटीतून दुसऱ्या प्रश्नावर उडी मारली, तर ते उत्तर नोंदलं जात नाही. घड्याळ संपलं की पेपर आपोआप जमा होतो, विनवणी करायला समोर कुणी नसतं. मोबाइलवर कितीही सराव करा, परीक्षेआधी निदान आठवडाभर डेस्कटॉपवर, माउस धरून, पूर्ण दोन तास बसून पेपर सोडवा. सायबर कॅफेत किंवा गावातल्या एमएस-सीआयटी केंद्रात हे जमतं.

२०२३ आणि २०२५ चा टेटचा फॉर्म बँक भरतीच्या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या पद्धतीचा होता. त्यात फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी, डाव्या अंगठ्याचा ठसा आणि स्वतःच्या हाताने लिहिलेलं इंग्रजी प्रतिज्ञापत्र अपलोड करायचं असतं. सही कॅपिटल अक्षरांत केलेली चालत नाही. पांढऱ्या कोऱ्या कागदावर काळ्या शाईने सही करा, दिवसाच्या उजेडात सावली न पडू देता स्कॅन करा आणि कडा कापून मगच आकार कमी करा. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो आधीच दाबलेला असतो, तो आणखी लहान केला की चेहरा ओळखू येत नाही.

पवित्र पोर्टलवर टेटच्या नोंदणीच्या आधारे खातं उघडतं आणि ओटीपी येतो. म्हणून मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. कॅफेवाल्याचा नंबर दिला, की पुढची प्रत्येक फेरी त्याच्या मर्जीवर. मग स्व-प्रमाणपत्र भरायचं: शिक्षण, टक्केवारी, टीईटी, माध्यम, जात प्रवर्ग, समांतर आरक्षण (महिला, माजी सैनिक, खेळाडू वगैरे). गुणपत्रिका शेजारी ठेवून भरा, आठवणीतून नको. श्रेणी असेल तर टक्केवारीत रूपांतर विद्यापीठाच्या सूत्रानेच करा. ५८.४० चे ५९ लिहिले तर कागदपत्र पडताळणीत ती चुकीची माहिती ठरते.

इथली सर्वात मोठी अडचण नावाची. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, टीईटीवर तिसरंच, असं सर्रास असतं. विवाह नोंदणी दाखला आणि नावबदलाचं राजपत्र आधीच काढून ठेवा, जाहिरात निघाल्यावर धावपळ नको. नॉन-क्रीमी लेअर आणि आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याची मुदत जाहिरातीतल्या तारखेशी पडताळून बघा. वर्षभर उशिराने काढलेला दाखला खरा असला तरी तुमच्या उपयोगाचा नसतो.

प्रमाणित केल्यावर माहिती सहज बदलता येत नाही, म्हणून शेवटचं बटण दाबण्याआधी प्रिंट काढून घरातल्या दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या. पुढे पात्रतेनुसार प्राधान्यक्रमांची यादी येते. जिल्हा परिषद, महापालिका यांच्या जागा बहुतेक मुलाखतीशिवाय, टेटच्या गुणांवर भरल्या जातात. मुलाखतीचा पर्याय घेणाऱ्या खासगी अनुदानित संस्थांमध्ये मुलाखत आणि पाठ घेण्याचं कौशल्य यांना गुण असतात. क्रम लावून झाला तरी ‘लॉक’ केल्याशिवाय तो धरला जात नाही. शेवटच्या रात्री सर्व्हर रेंगाळतो, तेव्हा दोन दिवस आधीच लॉक करून पावतीची पीडीएफ ठेवा.

यादीत नाव लागलं की मूळ कागद तपासले जातात. डी.एड. किंवा बी.एड.ची मूळ गुणपत्रिका कॉलेजात अडकली असेल, जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज प्रलंबित असेल, तर ती कामं आत्ताच हाती घ्या. नियुक्ती शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षांसाठी असते. १ जानेवारी २०२३ पासून दरमहा मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये आहे. आदेशात संगणक अर्हतेची अट असेल तर तिची मुदत शब्दशः वाचा. एमएस-सीआयटी केलेलं असलं तर प्रमाणपत्राची झेरॉक्स पहिल्याच दिवशी कार्यालयात द्या आणि पोच घ्या.