पार्श्वभूमी : हेलिकॉप्टरवाल्यांची पदके आणि 'शत्रूसमोर' हा शब्द

4 डिसेंबरचा नौदल दिन आणि 19 डिसेंबरचा मुक्तिदिन यांच्यामधल्या पंधरवड्यात गोव्यात माजी सैनिकांचे सत्कार होतात. वास्को, चिखली, दाबोळी या पट्ट्यात निवृत्त नौसैनिकांची घरे कमी नाहीत, त्यामुळे शाल-श्रीफळ घेणाऱ्यांत एखादा हेलिकॉप्टर वैमानिक सापडतोच. बातमीतले वाक्यही ठरलेले: 'युद्धकाळात गाजवलेल्या शौर्याबद्दल पदक'. मी ते कैकदा लिहिले आहे. एकदा तर फाटकावरच्या पाटीवर नावापुढे 'एनएम' ही अक्षरे पाहून बेधडक 'शौर्य चक्र' छापून मोकळा झालो. त्या गृहस्थांचा दुसऱ्या दिवशी फोन आला. रागावले नाहीत. म्हणाले, "अरे बाबा, ते नौसेना मेडल. आणि त्या वर्षी युद्धही नव्हतं."

गोवामुक्तीच्या कथेत हेलिकॉप्टर फारसे नाही. 18 डिसेंबर 1961 रोजी दाबोळीची धावपट्टी उखडली ती कॅनबेरा विमानांनी, आणि त्याच धावपट्टीवरून रात्री दोन पोर्तुगीज प्रवासी विमाने कराचीकडे निसटली, हे इकडे सर्वांना पाठ आहे. नौदलाचा हवाई तळ कोइम्बतूरहून दाबोळीला आला तो 1964 मध्ये. फ्रेंच बनावटीचे अलुएट हेलिकॉप्टर, जे बंगळुरात परवान्याने बनू लागल्यावर 'चेतक' झाले, तेही नौदलात आले त्याच दशकात.

खरी गोष्ट सुरू होते 1971 पासून. विक्रांत या विमानवाहू जहाजावरून 4 डिसेंबरला पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझार आणि चितगाववर गेलेली सी हॉक आणि अलिझे विमाने मुळात दाबोळीची. जहाजाच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेलेला, म्हणून वेग कमी. वेग कमी म्हणजे डेकवर समोरून येणारा वाराही कमी, आणि प्रत्येक उड्डाण तेवढेच जोखमीचे. अशा वेळी डेकवरून सर्वांत आधी उठायचे ते चेतकने. विमाने सुटेपर्यंत आणि परत उतरेपर्यंत ते जहाजाच्या बाजूला, पाण्यापासून थोड्याच उंचीवर घिरट्या घालत राहते, कोणी समुद्रात पडला तर उचलायला. सर्वांत शेवटी उतरते तेही तेच. सी हॉकच्या स्क्वॉड्रनप्रमुखाला महावीर चक्र मिळाले आणि ते योग्यच होते. पण चेतकवाल्याचा दिवस चांगला गेला, तर शिफारसपत्रात लिहिण्यासारखे काही घडतच नाही.

त्याच युद्धात, त्याच पूर्व पाकिस्तानात, जमिनीवरच्या लढाईत उलटे चित्र होते. 7 डिसेंबरला सिल्हेटजवळ एमआय-4 हेलिकॉप्टरांतून गुरखा बटालियन उतरवली गेली. शहर रिकामे झाले आहे असा समज होता; प्रत्यक्षात शत्रूचे मोठे सैन्य तिथे ठाण मांडून होते. दोन दिवसांनी मेघना नदीवरचा आशुगंजचा पूल माघार घेणाऱ्या पाकिस्तानी सैन्याने उडवला, तेव्हा हीच हेलिकॉप्टरे ब्राह्मणबारियाच्या बाजूने सैनिक भरून नदीपलीकडे रायपुऱ्याला नेऊन सोडू लागली. रात्री, अनोळखी शेतात, मोजक्या दिव्यांच्या खुणेवर. या सगळ्याची आखणी करणाऱ्या आणि स्वतः गोळीबारात उडणाऱ्या हवाई दलाच्या तळप्रमुखाला महावीर चक्र मिळाले. हा माणूस आधी मालवाहू विमानांचा वैमानिक. 1962 मध्ये लडाखमध्ये रसद टाकताना विमानाला गोळ्या लागल्या होत्या, त्याचे वीर चक्र त्याच्याकडे होतेच.

आता गुंता. परमवीर, महावीर आणि वीर ही तीन चक्रे 26 जानेवारी 1950 रोजी सुरू झाली आणि 15 ऑगस्ट 1947 पासून लागू धरली गेली. त्यांची अट एकच: शौर्य शत्रूसमोर हवे, मग ते जमिनीवर असो, समुद्रात की हवेत. 1952 मध्ये आलेल्या अशोक चक्राच्या तीन वर्गांची अट नेमकी उलटी, शत्रूसमोर नसलेले शौर्य. 1967 मध्ये त्यातल्या दुसऱ्या वर्गाचे 'कीर्ती चक्र' आणि तिसऱ्याचे 'शौर्य चक्र' झाले. आपल्या मराठीची पंचाईत इथेच होते. 'शौर्य' हा शब्द कानाला रणांगणावरचा वाटतो, म्हणून शौर्य चक्र म्हणजे लढाईतले असे वाचणारा गृहीत धरतो. प्रत्यक्षात लढाईतले ते वीर चक्र: चांदीचा पंचकोनी तारा, मध्ये चक्र, फीत अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. काही वर्षांपूर्वी कारगिलवरच्या एका चित्रपटाच्या निमित्ताने 'शौर्य वीर' असाही शब्द फिरला. तिन्ही दलांच्या यादीत असे पदकच नाही.

त्याखाली 1960 पासूनची सेना, नौसेना आणि वायुसेना ही तीन मेडल. ती शौर्याबद्दलही मिळतात आणि कर्तव्यनिष्ठेबद्दलही. धातू तोच, फीत तीच.

परमवीर, महावीर आणि वीर चक्रांच्या अटीत 'शत्रू' आहे, 'युद्ध' नाही. सियाचिनवर 13 एप्रिल 1984 रोजी चीता हेलिकॉप्टरांनी बिलाफोंड खिंडीत सैनिक उतरवले, तेव्हा युद्ध जाहीर नव्हते. 1987 मध्ये सियाचिन आणि श्रीलंका या दोन्ही आघाड्यांवर ज्या पराक्रमांसाठी परमवीर चक्र दिले गेले, ते घडले तेव्हाही नव्हते. मग 'युद्धकाळात' हा शब्द आपण कुठून आणतो?

आणि शत्रू समोर असूनही चक्र मिळेलच असे नाही. 28 मे 1999 रोजी कारगिलच्या लढाईत तोलोलिंग शिखरावर हल्ल्याला गेलेल्या एमआय-17 हेलिकॉप्टरांपैकी एक खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने पाडले गेले. क्षेपणास्त्राला चकवणारे फ्लेअर सोडायची सोय त्या तुकडीत नेमकी त्याच हेलिकॉप्टरवर नव्हती, आणि आतल्या चौघांना ते ठाऊक होते. चौघेही गेले. त्यांना मरणोत्तर वायुसेना मेडल मिळाले, शौर्याबद्दलचे. त्यानंतर हल्ल्याच्या कामातून एमआय-17 काढून घेण्यात आली. निकष ठरवणाऱ्यांनी काय तोलले असेल ते असो. मला मात्र वीर चक्राची अट इथे अक्षरशः पुरी झालेली दिसते.

दाबोळीवर 2021 पासून देशी बनावटीच्या ध्रुव हेलिकॉप्टरांची नवी स्क्वॉड्रन आहे. बोगमाळोच्या रस्त्यावरच्या नौदल विमान संग्रहालयात जुने कामोव्ह हेलिकॉप्टर उभे आहे, एकावर एक दोन पंख्यांचे, शेपटीला पंखा नसलेले. मुले त्याच्यासमोर फोटो काढतात.

त्या गृहस्थांच्या फोननंतर आम्ही चूक दुरुस्त केली. आतल्या पानावर, तीन ओळींत. 'शौर्य चक्र' खोडून 'नौसेना मेडल' केले. 'युद्धकाळात' तसेच राहून गेले.