युकॉनकाठी मूसची शिकार सप्टेंबरातच का?

अलास्काच्या मध्यभागी युकॉन आणि कोयुकुक या नद्यांच्या काठी नुलाटो, गलीना, हुस्लिया अशी छोटी गावं आहेत. तिथे जायला बाहेरून रस्ता नाही. विमान, उन्हाळ्यात होडी आणि नदी गोठली की स्नोमोबाइल, एवढीच साधनं. दुकानातलं मांसही विमानानंच येतं, म्हणजे किंमत विचारायलाच नको. वस्ती मुख्यतः कोयुकॉन अथाबास्कन या मूळ रहिवाशांची. सप्टेंबर लागला की आजोबांपासून शाळकरी नातवंडांपर्यंत आख्खं घर सपाट बुडाच्या ॲल्युमिनियमच्या होडीत बसतं. सोबत पेट्रोलचे डबे, ताडपत्री, दोर आणि सुती कापडाच्या मोठ्या पिशव्या. शोधायचा असतो एक नर मूस, म्हणजे सांबर-चितळांच्या कुळातला एक प्रचंड प्राणी.

१९७२च्या वन्यजीव कायद्यात वाढलेले आपण ‘शिकार’ म्हटलं की कपाळाला आठ्या घालतो. इथे मात्र प्रश्न भिंतीवरच्या शिंगांचा नसून हिवाळ्यातल्या जेवणाचा आहे. अलास्काच्या ग्रामीण भागात माणशी वर्षाला सुमारे सव्वाशे किलो अन्न रानातून आणि पाण्यातून येतं. त्यात निम्म्याहून जास्त मासे. पण नदीच्या मधल्या टप्प्यात माशांच्या खालोखाल मान मूसचा. आपल्या कुळातला हा सर्वांत मोठा. पूर्ण वाढलेल्या नराचं वजन ७०० किलोपर्यंत जातं आणि त्यातून सव्वादोनशे किलोच्या आसपास मांस मिळतं.

होडीतली माणसं जंगलात फारशी शिरत नाहीत. नजर असते नदीच्या वळणांवर, आणि त्याला कारण आहे. वळणावर नदी बाहेरचा काठ कापते आणि आतल्या बाजूला वाळू-गाळ टाकते. या ताज्या मळईवर सगळ्यांत आधी उगवतो तो विलो, आपल्या नदीकाठच्या वाळुंजाचा भाऊबंद. मग आल्डर येतो, पुढे पॉप्लर, आणि शे-दोनशे वर्षांनी स्प्रूसचं दाट जंगल. स्प्रूसच्या जंगलात मूसला खायला फार काही नाही. त्याचं हिवाळ्याचं जेवण म्हणजे विलोच्या कोवळ्या फांद्या. गंमत अशी की मूस विलो इतका ओरबाडतो की त्याला फारसा न आवडणारा आल्डर पुढे सरकतो. आल्डरच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन मातीत आणतात आणि पुढच्या झाडांची सोय होते. म्हणजे मूस स्वतःच स्वतःचं कुरण संपवत असतो. नदी काठ कापत राहते म्हणून नवी मळई आणि नवा विलो मिळतो. तीच नदी गावांखालची जमीनही खाते, हा भाग वेगळा.

आता महिन्याचं गणित. उन्हाळाभर चरून नर मूसच्या अंगावर चरबी चढलेली असते. उत्तरेकडच्या जेवणात ही चरबी चैनीची गोष्ट नाही. नुसत्या चरबीहीन मांसावर माणूस जगू शकत नाही, कारण यकृत ठरावीक प्रमाणापलीकडे प्रथिनं हाताळू शकत नाही. सप्टेंबरच्या अखेरीस नर माजावर येतो. मग तो जवळजवळ खाणंच सोडतो, चरबी झरझर उतरते आणि मांसाला उग्र वास येऊ लागतो. हा माज थंडीवर अवलंबून नसतो, तो दिवसाच्या लांबीवर चालतो. ऊन असो की पाऊस, तारीख जवळपास तीच.

माजाच्या उंबरठ्यावरचा नर मात्र आवाजाला भुलतो. जुने शिकारी मूसच्याच खांद्याचं वाळलेलं पसरट हाड झुडपांवर घासतात. दुसरा नर शिंगं घासतोय असं वाटून हा पाहायला येतो. मूसचे कान मुळातच तिखट असतात. त्याची पसरट शिंगं आवाज कानाकडे परावर्तित करत असावीत, असं शिंगांवर केलेल्या एका प्रयोगात दिसलं होतं.

गोळी लागली की खरी घाई सुरू होते. पाण्यात उभ्या मूसवर जाणता माणूस गोळी झाडत नाही. एवढं धूड गार पाण्यातून बाहेर कोण ओढणार? शिवाय ओलं मांस लवकर नासतं. जाड कातडी आणि आतून पोकळ केस ही मूसची हिवाळ्याची दुलई, मेल्यावरही उष्णता आत कोंडून ठेवते. त्यात हा रवंथ करणारा प्राणी. पोटातल्या जिवाणूंचं आंबवणं थांबत नाही आणि तेही उष्णता सोडतात. हवा कितीही गार असली तरी मांडीच्या खुब्यापाशी, हाडालगत मांस आतून आंबू शकतं. म्हणून आतडी-पोट लगेच काढायचं, कातडं सोलायचं आणि फरे वेगळे करायचे. यामागचं भौतिकशास्त्र सोपं आहे: तुकड्याची जाडी निम्मी केली की आतली उष्णता बाहेर पडायला साधारण चौथा हिस्सा वेळ लागतो. फरे सुती पिशव्यांत घालून आडव्या काठीला टांगतात, खाली थोडा धूर करतात. वाऱ्यानं वरचा थर सुकून पापुद्रा धरतो, माश्या आणि जंतू बाहेर राहतात. या कामात मुलांनाही हात लावावा लागतो. शरीररचनेचा याहून चांगला तास कुठल्या शाळेत होत असेल असं मला वाटत नाही. काळीज, यकृत, जीभ, अगदी नाकसुद्धा वाया जात नाही. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा अलास्कात गुन्हाच आहे.

घरी आलेलं मांस एका घरात राहत नाही. अलास्काच्या गावांतल्या पाहण्यांत एक ढोबळ प्रमाण पुन्हा पुन्हा आढळलं आहे: साधारण ३० टक्के घरं गावाचं ७० टक्के रानातलं अन्न आणतात. म्हातारी माणसं, विधवा, नोकरीत अडकलेले, सगळ्यांकडे वाटा पोचतो. एखाद्या होडीला मूस मिळाला नाही तर अनेक चुली अडतात.

आणि हल्ली ते अवघड होत चाललं आहे. मूसला थंडीची सवय. उन्हाळ्यातही पारा १४ अंशांवर गेला की त्याला उष्म्याचा ताण जाणवू लागतो, असं जुन्या प्रयोगांत दिसलं आहे. उबदार सप्टेंबरात तो दिवसा सावलीत बसून राहतो, मळईवर येत नाही. आलाच आणि मिळालाच, तर मांस थंड करायला हवा साथ देत नाही. दुसरीकडे युकॉनमधल्या सॅल्मन माशांची संख्या कोसळली आहे: २०२१मध्ये घरच्या जेवणापुरतीही सॅल्मनची मासेमारी बंद झाली, आणि २०२४मध्ये अलास्का व कॅनडा यांनी चिनूक सॅल्मनची मासेमारी सात वर्षं थांबवण्याचा करार केला. सगळा भार मूसवर आला.

मग शिकारीचा हंगाम थोडा पुढे ढकला, अशी मागणी कोयुकुककाठचे शिकारी करत आले आहेत. ती रास्त आहे, पण जागा फार थोडी आहे. थंडी लांबली म्हणून माज लांबत नाही. उशीर केला तर मांस उग्र आणि चरबी उतरलेली. शिवाय माजात भान हरपलेले नर सहज मारले जातात आणि कळपाचं गणित बिघडतं, ही वन्यजीव खात्याची चिंता. आणखी थांबावं, तर ऑक्टोबरात नदीवर बर्फ वाहू लागतो आणि होड्या काठावर ओढून ठेवाव्या लागतात.