प्रार्थना, दैनंदिन (ख्रिस्ती)

ख्रिस्ती व्यक्तीने रोज, शक्यतो नेमून घेतलेल्या वेळी, एकट्याने किंवा घरच्यांसह देवापुढे केलेले निवेदन, स्तवन व चिंतन. रविवारची सामुदायिक उपासना आणि संस्कारविधी यांहून ती वेगळी धरतात. मात्र तिचे शब्द, स्तोत्रे आणि वचने बहुधा त्या उपासनेतूनच घरात आलेली असतात. आराधना, पापकबुली, उपकारस्तुती, विनंती आणि इतरांसाठी मध्यस्थी ही तिची परिचित अंगे होत. प्रस्तुत नोंदीत तिच्या वेळांचा उगम आणि तिचे लाभ यांचा विचार केला आहे.

वेळांचा उगम : दिवसाच्या ठरावीक प्रहरी प्रार्थना करण्याची चाल ख्रिस्ती मंडळीत कोठून आली, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. जुन्या करारात दानीएल दिवसातून ३ वेळा गुडघे टेकतो (दानीएल ६:१०). स्तोत्र ५५ मध्ये संध्याकाळ, सकाळ व दुपार यांचा उल्लेख आहे, तर स्तोत्र ११९ मध्ये दिवसातून ७ वेळा स्तवन करण्याचा आणि मध्यरात्री उठण्याचा. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात पेत्र व योहान तिसऱ्या प्रहरी, प्रार्थनेच्या वेळी, मंदिरात जातात (३:१). पेत्र दुपारी घराच्या धाब्यावर प्रार्थनेला चढतो (१०:९). पौल व सीला मध्यरात्री तुरुंगात स्तोत्रे गातात (१६:२५). यांतील किती प्रसंग नित्यक्रमाचे आणि किती नैमित्तिक, हे मूळ मजकुरावरून ठरवता येत नाही.

बायबलबाहेरचा सर्वांत जुना स्पष्ट निर्देश ‘डिडाखे’ या लहान नियमपुस्तिकेत आढळतो. तिच्या आठव्या प्रकरणात प्रभूची प्रार्थना देऊन ‘दिवसातून ३ वेळा अशी प्रार्थना करा’ असे सांगितले आहे. ही पुस्तिका १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे फिलोथेऑस ब्रायेनियॉस यांना १०५६ सालच्या एका हस्तलिखितात सापडली व १८८३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा काळ बहुतेक अभ्यासक पहिल्या शतकाच्या अखेरीस नेतात. काही जण तो दुसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत खाली आणतात. या ३ वेळा नेमक्या कोणत्या, हे पुस्तिका सांगत नाही, आणि वादाचे मूळ इथेच आहे.

सी. डब्ल्यू. डगमोर यांनी १९४४ मध्ये असे मत मांडले, की यहुदी सभास्थानातील सकाळ-संध्याकाळच्या उपासनेतून ख्रिस्ती मंडळीची दोन वेळची सार्वजनिक प्रार्थना आली आणि तिसरा, सहावा व नववा तास (साधारण सकाळी ९, दुपारी १२ व ३) या खाजगी वेळा होत्या. या मताला उत्तर आफ्रिकेतील ख्रिस्ती लेखक टर्टुलियन यांच्या सु. २०० च्या लेखनाचा आधार दिला जातो. दिवसाच्या व रात्रीच्या आरंभीच्या प्रार्थना सांगावे न लागता करावयाच्या, असे ते म्हणतात. उरलेल्या तीन तासांची मात्र शिफारस करतात, कारण व्यवहारातही दिवसाचे भाग त्याच तासांनी पडत. पॉल ब्रॅडशॉ यांनी १९८१ मध्ये या मांडणीवर आक्षेप घेतला. पहिल्या शतकातल्या सभास्थानात रोजची उपासना सर्वत्र होत होती असे मानण्यास पुरावा अपुरा आहे; मिश्ना या यहुदी नियमसंग्रहातील तीन वेळच्या प्रार्थनेचा नियमही २०० च्या सुमारास संकलित झालेला आहे. त्यांच्या मते सकाळ, दुपार, संध्याकाळ व रात्र हा जुना क्रम असावा आणि तिसरा, सहावा व नववा हे रोमन तास त्यात नंतर मिसळले असावेत. मृत समुद्राजवळच्या कुमरान येथे सापडलेल्या प्राचीन यहुदी लेखांत सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थना मिळाल्याने डगमोर यांचे मत पूर्णपणे बाद होत नाही; तरीही एकच उगम गृहीत न धरता निरनिराळ्या मंडळींत निरनिराळ्या चाली होत्या असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. रोमचे हिप्पोलिटस यांच्या नावावर असलेली ‘प्रेषितीय परंपरा’ ही मंडळीच्या नियमांची पुस्तिका पूर्वी या प्रश्नात निर्णायक पुरावा समजत. ती अनेक थरांची रचना असल्याचे आता बरेच अभ्यासक मानतात, त्यामुळे तिच्यातील तपशीलवार वेळापत्रक तिसऱ्या शतकाच्या आरंभाचे म्हणून सरसकट वापरणे धोक्याचे आहे.

सर्वसाधारण ख्रिस्ती घरांत प्रत्यक्ष काय चाले, याचे पुरावे तुरळक आहेत. टर्टुलियन ख्रिस्ती स्त्रीने अन्यधर्मीय पुरुषाशी लग्न करू नये असे बजावताना विचारतात, की रात्री ती प्रार्थनेला उठेल तेव्हा नवऱ्याच्या लक्षात येणार नाही का? या एका प्रश्नातून रात्रीची घरगुती प्रार्थना किती सवयीची होती हे कळते. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरूसलेमला गेलेल्या एगेरिया या प्रवासी स्त्रीने पहाटेच्या प्रार्थनेला मठवासीयांबरोबर सामान्य स्त्रीपुरुषही येत असल्याचे लिहून ठेवले आहे. दिवेलागणीच्या उपासनेत डीकन (धर्मगुरूचा साहाय्यक सेवक) एकेकाचे नाव वाचे आणि जमलेली लहान मुले दर नावाला ‘प्रभू, दया कर’ असा प्रतिसाद देत. पुढे मठांतून हा क्रम बांधीव झाला. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत दिवसाचे ७ आणि रात्रीचा १ असे प्रार्थनेचे प्रसंग असून १५० स्तोत्रे आठवड्यात पुरी करावयाची असत. खाजगी प्रार्थना मात्र थोडक्यात व निर्मळ असावी, असे तीच नियमावली सांगते. १५४९ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात मठांतल्या या प्रसंगांची सकाळ व संध्याकाळ अशा दोन उपासनांत मांडणी झाली. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९७१ मध्ये नवा प्रार्थनाक्रम काढला. त्यात स्तोत्रे ४ आठवड्यांत विभागली आहेत.

लाभ : मागितलेली गोष्ट मिळणे हा प्रार्थनेचा सर्वांत उघड लाभ. ‘मागा म्हणजे तुम्हांस दिले जाईल’ (मत्तय ७:७) या वचनावर भाविकाचा भरवसा असतो आणि ख्रिस्ती परंपरेने तो कधी नाकारला नाही. तथापि आपल्या गरजा देवाला आधीच ठाऊक आहेत, असेही येशूच सांगतो (मत्तय ६:८). मग मागायचे कशासाठी? दैनंदिन प्रार्थनेच्या लाभांविषयीचे बहुतेक गंभीर लेखन या प्रश्नाभोवती फिरते.

उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन यांनी प्रोबा या रोमन विधवेला सु. ४१२ मध्ये लिहिलेल्या पत्रात याचे उत्तर दिले आहे. रोमच्या लुटीनंतर (४१०) ती आफ्रिकेत आश्रयाला आली होती. देवाला माहिती पुरवणे हा प्रार्थनेचा हेतू नव्हे. देव जे देणार आहे ते फार मोठे आणि आपली घेण्याची कुवत लहान, म्हणून इच्छेला सराव देऊन ती कुवत वाढवायची, असे ते सांगतात. ईजिप्तमधील मठवासी बंधू बाणासारख्या झटकन सुटणाऱ्या छोट्या प्रार्थना वारंवार करतात, कारण लांबलेल्या प्रार्थनेत एकाग्रता बोथट होते, असेही त्या पत्रात आहे. तेराव्या शतकातील धर्मशास्त्रज्ञ टॉमस अक्वायनस यांच्या मते प्रार्थनेने देवाचा संकल्प बदलत नाही. प्रार्थनेच्याद्वारे मिळावे असे त्याने ठरवलेले असते, ते प्रार्थनेने मिळते. पुण्य, इष्टप्राप्ती आणि मनाला लाभणारी आत्मिक तृप्ती अशी तीन फळे ते मानतात. शब्दांकडे, अर्थाकडे आणि देवाकडे असे अवधानाचे तीन प्रकार सांगून तिसरा सर्वांत आवश्यक ठरवताना, तो निरक्षरालाही साधतो असे त्यांनी आवर्जून नोंदवले आहे. विद्वत्तेच्या त्या जगात हे वाक्य मोलाचे आहे.

सोळाव्या शतकातील प्रॉटेस्टंट धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन यांनी प्रार्थनेची ६ कारणे दिली. अडचणीत देवाकडे धाव घेण्याची सवय लागणे, मिळालेल्याबद्दल कृतज्ञता वाटणे, अनुभवाने देवाच्या काळजीची खात्री पटणे ही त्यांत येतात. सहांपैकी दुसऱ्या क्रमांकाचे कारण रोजच्या जगण्याला अधिक भिडते : देवाला साक्षी ठेवण्याची लाज वाटेल अशी इच्छा मनात शिरू नये. दिवसातून दोन-तीन वेळा मन असे उघडे करणाऱ्याला राग, हेवा किंवा लबाडीचा बेत फार काळ जपून ठेवता येत नाही.

क्षमा हा यांतला सर्वांत कसोटीचा लाभ. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभूची प्रार्थना शिकवून झाल्यावर येशू तिच्यातल्या एकाच मागणीवर भाष्य करतो, ते ऋणमुक्तीच्या, म्हणजे पापांच्या क्षमेच्या, मागणीवर (६:१४-१५). इतरांना क्षमा न करता स्वतःसाठी ती मागता येत नाही. म्हणजे ही प्रार्थना रोज म्हणणाऱ्याला आपले भांडण रोज आठवावे लागते. कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी तिसऱ्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले, की आपण ‘माझ्या पित्या’ असे म्हणत नाही आणि भाकरही एकट्यापुरती मागत नाही. दार लावून एकांतात केलेल्या प्रार्थनेतही इतर माणसे अशी हजर असतात. मध्यस्थीची सवय लागते ती यातूनच.

चिंतेच्या संदर्भात पौलाचे फिलिप्पैकरांस पत्र (४:६-७) नेहमी उद्धृत होते. त्यात चिंता सोडून मागण्या आभारासह देवाला कळवण्यास सांगितले आहे आणि बुद्धीपलीकडची शांती अंतःकरणाचे रक्षण करील असे आश्वासन आहे. पौलाने हे बंदिवासातून लिहिले. परिस्थिती पालटेल असे आश्वासन तो देत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे.

पद्धती : मार्टिन ल्यूथर यांनी १५३५ मध्ये आपल्या ओळखीच्या पेटर नावाच्या न्हाव्यासाठी प्रार्थनेची सोपी रीत लिहून दिली. दहा आज्ञांपैकी एकेक घेऊन तिच्यातून बोध, आभार, कबुली आणि विनंती असे चार पदर काढायचे. लक्ष का लागले पाहिजे हे त्यांनी पेटरच्याच धंद्यातून समजावले : चांगल्या न्हाव्याची नजर वस्तऱ्यावर आणि केसांवर असते; तो गप्पांत रमला किंवा त्याचे मन भटकले, तर गिऱ्हाइकाचे नाक, तोंड, प्रसंगी गळाही कापला जाईल. सकाळी पहिले काम आणि रात्री शेवटचे काम प्रार्थनेचे असावे, ‘आधी एवढे उरकतो’ म्हणणाऱ्याचा दिवस त्या उरकण्यातच जातो, हा त्यांचा इशारा आजही तितकाच लागू आहे.

येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांच्या परंपरेत रात्रीच्या आत्मपरीक्षणाला महत्त्व आहे : आभार मानणे, प्रकाश मागणे, दिवस तासातासाने आठवणे, चुकांची क्षमा मागणे आणि सुधारणेचा निश्चय करणे. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरेत ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ या येशू-प्रार्थनेची सतत आवृत्ती करतात. ‘निरंतर प्रार्थना करा’ (१ थेस्सलनी. ५:१७) ही आज्ञा पाळण्याचा तो मार्ग मानला जातो. चौदाव्या शतकात या साधनेवर आक्षेप आले, तेव्हा ऑर्थोडॉक्स मठवासी व धर्मशास्त्रज्ञ ग्रेगरी पालामास यांनी तिचे समर्थन केले.

अनुत्तरित प्रार्थना : पौलाने ‘शरीरातला काटा’, म्हणजे सतत जाचणारी पीडा, निघावा म्हणून ३ वेळा विनवणी केली, काटा राहिला, ‘माझी कृपा तुला पुरेशी आहे’ हे उत्तर मिळाले (२ करिंथ. १२:८-९). अटकेपूर्वी गेथशेमाने बागेत येशूने दुःखाचा प्याला टळावा अशी केलेली विनंतीही पूर्ण झाली नाही. प्रार्थनेत रुक्षता येते, शब्द कोरडे वाटतात, हा अनुभव साधकांनी मोकळेपणाने नोंदवला आहे. स्पेनमधील संत क्रूसाचे योहान (१५४२–१५९१) यांनी त्या काळोखालाच प्रगतीचा टप्पा मानले. अशा दिवसांत ठरलेली वेळ आणि पाठ असलेले शब्द माणसाला धरून ठेवतात, हा नियमित प्रार्थनेचा लाभ तिच्या टीकाकारांनी पुरेसा विचारात घेतलेला नाही.

आधुनिक संशोधन : १९८८ मध्ये रँडॉल्फ बर्ड यांनी हृदयविकाराच्या ३९३ रुग्णांवरील अभ्यासात मध्यस्थीच्या प्रार्थनेचा अनुकूल परिणाम नोंदवला, त्याच्या पद्धतीवर टीका झाली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हृदयशस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवरील मोठ्या अभ्यासात तो परिणाम दिसला नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे निश्चित ठाऊक असलेल्यांपैकी ५९ टक्के रुग्णांत गुंतागुंत आढळली. प्रार्थना झाली पण तसे निश्चित ठाऊक नव्हते त्यांच्यात हे प्रमाण ५२ टक्के होते. तेथे अनोळखी लोकांनी रुग्णाचे पहिले नाव आणि आडनावाचे आद्याक्षर घेऊन नेमून दिलेले वाक्य म्हटले होते. घरातल्या माणसाने घरातल्या माणसासाठी केलेल्या प्रार्थनेशी त्याची तुलना कितपत करावी, हा प्रश्न रास्त आहे.

प्रार्थना करणाऱ्यावर होणाऱ्या परिणामांचे संशोधन याहून उपयुक्त आहे. २००१ मध्ये इटलीतील लुचानो बेर्नार्दी व सहकाऱ्यांना २३ निरोगी प्रौढांत असे आढळले, की लॅटिनमधून जपमाळेच्या प्रार्थना म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे ६ इतका संथ होतो आणि हृदयाच्या लयीवर त्याचा अनुकूल परिणाम होतो. योगमंत्राच्या जपानेही तेच घडले, तेव्हा हे फळ श्वासाच्या गतीचे म्हटले पाहिजे. २०१० मध्ये नॅथॅनियल लॅम्बर्ट, फ्रँक फिंचम व सहकाऱ्यांच्या प्रयोगांत जवळच्या व्यक्तीसाठी प्रार्थना करणाऱ्यांची क्षमा करण्याची तयारी वाढलेली दिसली. त्यांतल्या एका प्रयोगात मित्रासाठीची प्रार्थना ४ आठवडे चालली होती. आयुष्यभराच्या नेमाविषयी त्यावरून थेट अनुमान काढता येत नाही.