मॉडेल रेल्वे

खऱ्या रेल्वेची इंजिने, डबे, रूळ, सांधे, सिग्नल, स्थानके आणि भोवतालचा भूप्रदेश ठरावीक प्रमाणात लहान करून उभारलेली चालती प्रतिकृती म्हणजे मॉडेल रेल्वे. ती उभारण्याच्या, चालवण्याच्या आणि तिच्यासाठी इंजिने-डबे जमवण्याच्या छंदालाही हेच नाव आहे. खेळण्यातल्या आगगाडीपासून तिला वेगळे करते ते प्रमाण. खेळण्यात गाडी गाडीसारखी दिसली की पुरते. मॉडेलमध्ये मात्र चाकाचा व्यास, बॉयलरची उंची, रुळांमधले अंतर आणि फलाटाची लांबी यांचे एकमेकांशी असलेले नाते खऱ्या रेल्वेतल्यासारखेच राहावे, अशी अपेक्षा असते. व्यवहारात ही सीमारेषा पुसट आहे, कारण आज संग्राहक ज्यांना जपतात ती कित्येक इंजिने मुळात मुलांसाठीच बनवलेली होती. माणसे बसवून नेणाऱ्या आणि खरोखर कोळशावर चालणाऱ्या बागेतल्या छोट्या रेल्वेचा विचार या नोंदीत केलेला नाही.

उगम : प्रतिकृती आधी आणि रेल्वे नंतर, असे या बाबतीत म्हणता येईल. विल्यम मर्डॉक यांनी वाफेवर चालणाऱ्या गाडीचे छोटे चालते मॉडेल १७८४ च्या सुमारास केले होते, तर रुळांवरून वाफेच्या इंजिनाने भार ओढून नेण्याचा रिचर्ड ट्रेव्हिथिक यांचा वेल्समधील प्रयोग १८०४ मधला आहे. तथापि मर्डॉक यांचे मॉडेल सडकेवर चालणाऱ्या गाडीचे होते आणि ते छंदासाठी नव्हे, तर कल्पना तपासून पाहण्यासाठी केलेले होते. त्यामुळे छंदाचा आरंभ तेथून धरणे योग्य वाटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडमध्ये, विशेषतः बर्मिंगहॅम परिसरात, पितळेची स्पिरिटवर चालणारी लहान इंजिने विकली जात. त्यांना रूळ नसत. ती जमिनीवर सरळ किंवा गोल धावत आणि मागे पाण्याची व तेलाची रेघ सोडत, म्हणून त्यांना ‘ड्रिबलर’ (थेंब गाळणारी) असे नाव पडले. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्या मुलासाठी सेंट-क्लाऊड येथील राजवाड्याच्या आवारात १८५९ च्या सुमारास रूळ, पूल आणि इमारती असलेली रेल्वे उभारली होती. काही लेखक तिलाच पहिली मॉडेल रेल्वे मानतात.

दुसरा पक्ष १८९१ हे वर्ष पुढे करतो. त्या वर्षी लाइपझिगच्या जत्रेत जर्मनीतील म्यर्कलिन या कंपनीने चावीची आगगाडी मांडली. तिचे रूळ सुटे होते आणि इंग्रजी आठाच्या आकारात जोडता येत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रुळांमधल्या अंतराची क्रमांकित मापे कंपनीने ठरवून दिली. आज घेतलेल्या गाडीला पुढच्या वर्षी घेतलेले रूळ बसतील, याची खात्री प्रथमच मिळाली. राजपुत्राची रेल्वे एकदाच झाली आणि तिच्यापासून पुढे काही निघाले नाही. ठरलेल्या मापातून मात्र थोडे थोडे विकत घेत वाढवण्याची सवय निघाली आणि आजच्या छंदाचा सारा व्यवहार तिच्यावर उभा आहे. म्हणून १८९१ चा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. क्रमांक १ चे माप ४५ मिमी. आणि त्यानंतर आलेले क्रमांक ० चे माप ३२ मिमी. असे आज दिले जाते. जुन्या याद्यांत हेच आकडे अनुक्रमे ४८ आणि ३५ असे आढळतात, कारण तेव्हा अंतर रुळांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजत. पुढे ते आतल्या कडांमध्ये मोजू लागले. या फरकाकडे दुर्लक्ष झाल्याने काही लेखनात एकाच मापाची दोन मापे झाली आहेत.

ब्रिटनमध्ये नॉर्दॅम्प्टनचे डब्ल्यू. जे. बॅसेट-लोक यांनी न्युरेंबर्गच्या बिंग कंपनीकडून ब्रिटिश रंगरूपाची इंजिने करवून घेतली आणि त्यांचे आराखडे बहुतांशी हेन्री ग्रीनली यांनी केले. फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० मध्ये चावीच्या गाड्या बाजारात आणल्या. पुढे वीज आली, पत्र्याची जागा ओतीव धातूने आणि नंतर प्लॅस्टिकने घेतली.

शून्याच्या अर्ध्याचा प्रश्न : या छंदातला सर्वांत जुना आणि अजूनही न मिटलेला तांत्रिक वाद १६.५ मिमी. रुळांचा आहे. क्रमांक ० साठी खऱ्या रेल्वेतल्या एका फुटाला मॉडेलमध्ये ७ मिमी. हे प्रमाण रूढ होते. घरात जागा कमी पडू लागल्यावर त्याच्या निम्मे, म्हणजे फुटाला ३.५ मिमी. किंवा १ : ८७ हे प्रमाण पुढे आले आणि ‘अर्धे शून्य’ या अर्थाने त्याला एच०, बोलताना ‘एचओ’, असे नाव पडले. खऱ्या रुळांचे १,४३५ मिमी. अंतर ८७ ने भागले की जवळजवळ बरोबर १६.५ मिमी. येते. म्हणजे येथे गाडी आणि रूळ एकाच प्रमाणात आहेत. ब्रिटनमध्ये मात्र रूळ तेच १६.५ मिमी. राहिले आणि वरची गाडी फुटाला ४ मिमी., म्हणजे सुमारे १ : ७६ या प्रमाणात घडवली गेली. हेच ‘डबल-ओ’. या प्रमाणाने रूळ १८.८३ मिमी. हवेत, ते सव्वादोन मिमी.पेक्षा अधिक अरुंद आहेत. समोरून पाहिले असता इंजिनाचे अंग रुंद आणि पाय जवळ घेतलेले दिसतात ते यामुळेच. उलट हिशेब केला, तर ही गाडी १,२५७ मिमी. रुळांवर धावणारी ठरते आणि ब्रिटनच्या मुख्य मार्गांवर असे रूळ कधी नव्हते.

असे का झाले, याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले मोटरचे आहे : ब्रिटनमधील पूल आणि बोगदे अरुंद असल्याने तेथील इंजिने युरोप खंडावरील इंजिनांपेक्षा लहान होती आणि १ : ८७ प्रमाणातल्या त्यांच्या बॉयलरमध्ये त्या काळची मोटर मावत नव्हती. दुसरे स्पष्टीकरण चाकांचे आहे : मॉडेलची चाके आणि त्यांच्या कडा प्रमाणापेक्षा जाड ठेवाव्या लागतात, त्यामुळे चाकांबाहेर हलणारे दांडे आणखी बाहेर ढकलले जातात आणि त्यांना झाकायला अंग रुंद करावे लागते. पहिले स्पष्टीकरण अधिक प्रचलित आहे आणि साध्या आकडेमोडीने त्याला पुष्टी मिळते. युरोप खंडावरील गाडीची कमाल रुंदी सुमारे ३.१५ मी. धरली, तर १ : ८७ ने ती ३६ मिमी. होते. ब्रिटिश गाडीची रुंदी सुमारे २.७४ मी.; ती १ : ८७ ने साडेएकतीस मिमी. आणि १ : ७६ ने बरोबर ३६ मिमी. येते. म्हणजे मोठे प्रमाण घेतल्यामुळे ब्रिटिश गाडीला शेजाऱ्यांच्या गाडीएवढीच आतली जागा मिळाली. दुसरे स्पष्टीकरण चुकीचे नाही. तथापि चाकांची जाडी ही अडचण सर्वच देशांत होती आणि तडजोड एकट्या ब्रिटनने केली, हे त्यातून उलगडत नाही.

१९३८ मध्ये हॉर्नबी-डब्लो या गाड्यांच्या मालिकेने ही तडजोड स्वीकारली आणि नंतरच्या उत्पादकांना ती मोडणे परवडले नाही. ज्यांना ती सहन होत नाही ते स्वतः चाके बदलून १८.२ मिमी.चे ईएम किंवा १९६० च्या दशकात मांडले गेलेले १८.८३ मिमी.चे पी-फोर रूळ घालतात. त्याहून लहान मापांत १२ मिमी.चे टीटी, ९ मिमी.चे एन आणि म्यर्कलिनने १९७२ मध्ये आणलेले ६.५ मिमी.चे झेड ही मापे आहेत. जपानमध्ये एन माप सर्वाधिक रूढ आहे. प्रमाणीकरणाचे काम अमेरिकेत १९३५ पासून एनएमआरए आणि युरोपात १९५४ पासून मोरोप या छंदिष्टांच्या संघटना करतात.

वाफेची ओढ : मॉडेल रेल्वेत डिझेल आणि विजेच्या गाड्याही विपुल आहेत, तरी छंदाचे मन वाफेच्या इंजिनात गुंतलेले आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वेवरील वाफेची नियमित वाहतूक ऑगस्ट १९६८ मध्ये आणि पश्चिम जर्मनीच्या राष्ट्रीय रेल्वेवरील ऑक्टोबर १९७७ मध्ये संपली. ज्यांनी लहानपणी पुलाच्या कठड्याला टेकून धुरात उभे राहून इंजिनांचे क्रमांक टिपले, ती पिढी कमावती झाली तेव्हा ती इंजिने भंगारात गेलेली होती. विकत घेता येत होती ती त्यांची प्रतिकृती. मोरोपने इतिहासाची जी युगे पाडली आहेत त्यांतले तिसरे युग, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरपासून १९७० च्या सुमारापर्यंतचा काळ, उत्पादकांच्या याद्यांत ठळकपणे दिसते, कारण वाफेचे इंजिन आणि त्याची जागा घेणारे डिझेल त्याच काळात एका फलाटाला लागत होते.

ही ओढ सर्वसाधारण ‘वाफेच्या इंजिना’ची नसते. ती विशिष्ट मार्गाच्या, विशिष्ट शेडच्या, कित्येकदा एकाच क्रमांकाच्या इंजिनाची असते. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे ब्रिटनमधील वाफेचे इंजिन १९२३ मध्ये १४७२ या क्रमांकाने बाहेर पडले, पुढल्या वर्षी ते ४४७२ झाले, १९४६ मध्ये आधी ५०२ आणि मग १०३, आणि राष्ट्रीयीकरणानंतर ६०१०३. रंग बदलले, १९५९ मध्ये दुहेरी धुराडे बसले आणि १९६१ च्या अखेरीस बॉयलरच्या दोन्ही बाजूंना धूर वर वळवणारे पत्रे आले. म्हणून हिरव्या रंगातले ४४७२ आणि धूर वळवणारे पत्रे लावलेले ६०१०३ ही छंदिष्टाच्या लेखी दोन वेगळी इंजिने आहेत. ज्याने दुसरे प्रत्यक्ष पाहिले आहे त्याला पहिले देऊन समाधान होत नाही.

आवाजाचेही तसेच आहे. दोन सिलिंडरांचे इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार फुसकारे टाकते, तीन सिलिंडरांचे सहा. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ तीन सिलिंडरांचे आहे. त्याची मोठी चाके २,०३२ मिमी. व्यासाची असल्याने ताशी १० किमी. वेगाला सेकंदाला साधारण अडीच फुसकारे पडतात. अंकीय नियंत्रण आल्यापासून इंजिनातल्या बोटाच्या पेराएवढ्या स्पीकरमधून हा ठेका चाकाशी जुळवून वाजवता येतो आणि तो चुकला, तर जाणकाराच्या कानाला तत्काळ खटकते. ताशी १०० किमी.ला हेच फुसकारे सेकंदाला सव्वीसच्या घरात जाऊन एकमेकांत मिसळतात. म्हणून ज्यांना वाफेचे इंजिन ऐकायचे असते, ते गाडी वेगाने फिरवत नाहीत. फलाटावरून सुटतानाची पहिली काही सेंटिमीटर ते पुन्हा पुन्हा चालवतात.

खरेदी आणि संग्रह : नवे इंजिन घेणे ही या छंदात एकट्याने करायची गोष्ट क्वचितच असते. ते छंदिष्टांच्या मंडळाच्या टेबलावर ठेवून हातोहात फिरवले जाते. वजन, धुराड्याची उंची, क्रमांकाच्या अक्षरांची ठेवण, सांध्यावरून जाताना ते अडखळते का आणि किती डबे चढावर ओढते, यांवर मते दिली जातात. या चर्चेत आठवणींचा भाग मोठा असतो : कोणी ते इंजिन कोठे पाहिले, कोणाचे वडील त्यावर कोळसा टाकत, कोणाला लहानपणी ते वाढदिवसाला हवे होते आणि मिळाले नाही. उत्पादन बहुतांशी चीनमध्ये गेल्यापासून तपशील अतिशय बारीक झाला आहे. मात्र एकेक आवृत्ती मर्यादित संख्येने निघते आणि आगाऊ नोंदणीने संपते. त्यामुळे जुन्या मालाचा बाजारही तेजीत असतो. मूळ खोका सोबत असेल, तर किंमत लक्षणीय वाढते.

जुने इंजिन घेताना जाणकार ते आधी उलटे धरतात. जस्ताच्या ओतीव मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धी अल्प प्रमाणात जरी राहिली, तरी दमट हवेत धातूच्या कणांच्या सीमांवर गंज शिरतो, सांगाडा हळूहळू फुगतो आणि भेगाळलेल्या चिखलासारखा तडकतो. याला ब्रिटनमधील छंदिष्ट ‘मझॅक रॉट’ म्हणतात. वरचा रंग शाबूत असताना आतला सांगाडा काही मिलिमीटरने लांबलेला असू शकतो. मग चाकांचे आस जखडतात आणि अखेर ओतकामाचे तुकडे हातात येतात. यावर उपाय नाही. अशुद्धी ओतकामाच्या वेळीच शिरलेली असते. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळातील माल याला विशेष बळी पडला आहे. प्लॅस्टिकच्या इंजिनांत आसावर घट्ट बसवलेले दातेरी चाक कालांतराने चिरते. चालताना ठरावीक अंतराने टकटक आवाज येतो, त्यावरून ते ओळखता येते. ते बदलता येते.

भूदृश्य : रुळांभोवतीचा प्रदेश उभारण्याच्या कलेला ब्रिटनमध्ये जॉन अहर्न यांच्या ‘मॅडर व्हॅली’ या मॉडेल रेल्वेने दिशा दिली, ती आता पेंडन संग्रहालयात आहे. अमेरिकेत जॉन अ‍ॅलन यांनी इंजिनांवर काजळी, गंज आणि उन्हाने विटलेला रंग चढवण्याची रीत रुजवली. त्यापूर्वी मॉडेल नवे कोरे दिसणे हाच गुण समजला जाई. वाफेचे इंजिन रोज राखेत आणि तेलात वावरत असे, हे ज्यांनी पाहिले होते त्यांना ही रीत लगेच पटली. अ‍ॅलन यांचे जानेवारी १९७३ मध्ये निधन झाले आणि काही दिवसांतच त्यांच्या घरातील त्यांची मॉडेल रेल्वे आगीत नष्ट झाली; तिच्याविषयी आज जे ठाऊक आहे ते मुख्यतः त्यांनी स्वतः काढलेल्या छायाचित्रांमुळे. जर्मनीत हॅम्बुर्ग येथे २००१ मध्ये खुले झालेले मिनियाटुअर वुंडरलँड हे या प्रकारचे सर्वांत मोठे प्रदर्शन मानले जाते.