क्रस्कल-वॉलिस म्हणजे मीडियनची टेस्ट? नाही हो

डेटा नॉर्मल नाही (म्हणजे घंटेच्या आकाराच्या वितरणात बसत नाही), ग्रुप तीन, मग क्रस्कल-वॉलिस (ग्रुपची तुलना करणारी संख्याशास्त्रातली टेस्ट) लावा, ती मीडियन (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) कंपेअर करते... हे वाक्य इतक्या थीसिसमध्ये कॉपी-पेस्ट होत आलंय की आता कुणी तपासतच नाही. टेस्ट 1952 ची आहे आणि तिच्या फॉर्म्युल्यात मीडियन कुठेच नाही, सगळ्या ग्रुपचे आकडे एकत्र करून लहान ते मोठे रँक द्यायचे, सारखे आकडे आले तर सरासरी रँक, आणि मग प्रत्येक ग्रुपचा सरासरी रँक किती वेगळा पडतो ते बघायचं, बस.

करूनच बघा. पहिला ग्रुप 1, 2, 10, 11, 12. दुसरा 8, 9, 10, 20, 21. तिसरा 4, 5, 10, 15, 16. तिघांचा मीडियन 10 च, पण सरासरी रँक येतात 6.4, 9.6 आणि 8. पाच-पाच आकड्यांत टेस्ट काही बोलणार नाही (एच, म्हणजे टेस्टचा अंतिम आकडा, फक्त 1.28 च्या आसपास), पण हाच पॅटर्न दहापट डेटात असेल तर पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतका किंवा जास्त फरक दिसायची शक्यता) 0.05 या नेहमीच्या मर्यादेच्या बरीच खाली जाते. मीडियन मात्र हललेले नाहीत!

म्हणजे टेस्ट सांगते की निदान एका ग्रुपमधले आकडे दुसऱ्यापेक्षा मोठे यायचा कल आहे. सगळ्या ग्रुपच्या वितरणाचा आकार आणि पसारा सारखा असेल, नुसती जागा सरकली असेल, तरच मीडियनबद्दल बोला, त्यामुळे आधी बॉक्सप्लॉट (प्रत्येक ग्रुपचा मीडियन आणि पसारा दाखवणारा आलेख) काढा. आणि नेमका कुठला ग्रुप वेगळा हे तर ती सांगतच नाही, त्यासाठी पुढे डन टेस्टसारखी दोन-दोन ग्रुपची तुलना करावी लागते, तीही अनेक तुलना होतात म्हणून पी-व्हॅल्यू अ‍ॅडजस्ट करून.