डिझेल पंपाची गळती (कमी गंधकाचे डिझेल आणि जुने ट्रक)

डिझेल पंपाची गळती : डिझेल इंजिनाच्या इंधन पंपातील रबरी सील व ओ-रिंग (सांध्यात बसणारी गोल रबरी कडी) आकसल्यामुळे किंवा कडक झाल्यामुळे पंपातून डिझेल पाझरणे अथवा पंपात हवा शिरणे. जुने ट्रक, टेम्पो आणि ट्रॅक्टर यांत हा दोष आढळतो. इंधनातील गंधक टप्प्याटप्प्याने कमी होत गेले, त्या बदलाशी त्याचा संबंध जोडला जातो. संबंध खरा आहे, पण ‘गंधक गेले म्हणून पंप गळतो’ असा गॅरेजमध्ये सांगितला जातो तितका सरळ नाही.

वणी-घुग्घुस पट्ट्यातला कोळसा, हिंगणघाट-यवतमाळकडचा कापूस, वरूड-मोर्शीची संत्री ही विदर्भातली माल वाहतूक बरीच वर्षे साध्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांनी ओढली. त्यांतल्या कित्येक गाड्या आजही तालुक्याच्या गावांत आणि जिनिंगच्या आवारांत चालतात. ‘गाडी एअर घेऊन राह्यली’ ही त्यांची नेहमीची तक्रार. रात्री उभी केलेली गाडी सकाळी नुसता स्टार्टर फिरवते, हातपंप मारून एअर काढली की सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दिवसा बाहेर पाझरणारी सील रात्री हवा आत घेते, कारण गाडी बंद झाल्यावर पाइपातले डिझेल टाकीकडे ओसरू लागते. बाहेरून ओल दिसत नसली तरी हे घडू शकते, आणि मग मालक आधी बॅटरी बदलतो, नंतर स्टार्टर खोलतो.

भारतातल्या डिझेलमध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला १ टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. २००० सालच्या सुमारास ही मर्यादा पाव टक्क्यावर आली. पुढे भारत स्टेजच्या (गाड्यांच्या धुराच्या) मानकांनुसार देशभर २००५ मध्ये दशलक्ष भागांत ५०० भाग, २०१० मध्ये ३५०, १ एप्रिल २०१७ पासून ५० आणि १ एप्रिल २०२० पासून अवघे १० भाग असे टप्पे ठरले. आकडे डोळ्यांसमोर येत नसतील तर २०० लिटरचा ड्रम घ्या. त्यातल्या डिझेलचे वजन सुमारे १६५ किलो. १ टक्क्याच्या काळात अशा ड्रममध्ये दीड किलोहून जास्त गंधक असू शकत होते. ज्या शेतकऱ्याने भुरीवर गंधकाची भुकटी मारली आहे, त्याला एवढे गंधक म्हणजे किती हे सांगावे लागणार नाही. आजच्या मर्यादेत त्याच ड्रममध्ये २ ग्रॅमही बसत नाही.

ही घट गरजेचीच होती. गंधक जळून होणारे वायू आणि त्यातून तयार होणारे बारीक कण फुप्फुसांत जातात. शिवाय नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमधली धूर शुद्ध करणारी यंत्रणा गंधकाने निकामी होते. जुन्या इंजिनालाही फायदा आहे : गंधकापासून बनणारे आम्ल कमी झाल्याने इंजिन ऑइल जास्त दिवस टिकते.

गळतीचे मूळ गंधक काढण्याच्या रीतीत आहे. रिफायनरीत डिझेल मोठ्या दाबाखाली आणि उष्णतेत हायड्रोजनसह उत्प्रेरकावरून नेतात. हायड्रोजन गंधकाला ओढून नेतो, पण त्याच झपाट्यात डिझेलमधली काही ॲरोमॅटिक संयुगेही (बेंझिनसारखी कड्यांची रचना असलेले घटक) बदलून जातात. जुन्या पंपांतले रबर बहुधा नायट्राइल या कृत्रिम जातीचे. ॲरोमॅटिक संयुगे शोषून ते किंचित फुगते आणि फुगलेल्या स्थितीत आपली खाच गच्च धरून बसते. वर्षानुवर्षे इंजिनाच्या धगीत ते आतून कडक होत जाते, तरी फुगलेले असल्यामुळे गळत नाही. मग इंधन बदलते, शोषलेला अंश हळूहळू बाहेर पडतो आणि रबर आकसते. तरणे रबर ते आकसणे सोसून पुन्हा बसते, म्हातारे रबर सोसत नाही. म्हणूनच एकाच दिवशी एकाच पंपावर डिझेल भरलेल्या दोन गाड्यांपैकी एक पाझरते आणि दुसरी कोरडी राहते. बसवल्यापासून कमी गंधकाच्याच इंधनात राहिलेली सीलही सहसा नीट चालते. दोष इंधनातल्या बदलाचा आणि रबराच्या वयाचा, दोन्ही मिळून असतो. अमेरिकेत ऑक्टोबर १९९३ मध्ये ५०० भागांचे डिझेल आले, तेव्हा हेच अनुभवाला आले. कॅलिफोर्नियात त्याच वेळी ॲरोमॅटिकांवरही कडक मर्यादा आली आणि तिथे गळतीच्या तक्रारी विशेष गाजल्या.

विदर्भात रबराचे वय लवकर वाढते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त ताप असतो. त्यात कापसाचा हंगाम संपला की गाड्या महिनोन्‌महिने उभ्या राहतात. पंपातले डिझेल ओसरून कोरडी पडलेली रिंग उन्हाळाभर तशीच वाळते आणि पहिल्या पावसात गाडी काढली की पाझरू लागते.

खोललेल्या पंपातली जुनी ओ-रिंग हातात घेतली की सगळे कळते. नवी रिंग गोल असते आणि चिमटीत दाबली तर परत उसळते. जुनीची एक बाजू दबून चपटी झालेली असते, नखाने वाकवली तर तडा जातो आणि कधी खाचेतून काढतानाच तिचे तुकडे पडतात.

इनलाइन पंपात (दर सिलिंडरसाठी ओळीने वेगळा दट्ट्या असलेल्या) पाझर मुख्यतः वरच्या डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या (नोझलकडे डिझेल सोडणाऱ्या झडपेच्या) होल्डरपाशी, हातपंपाच्या दांड्यापाशी आणि टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या आसपास दिसतो. फीड पंपाच्या दांड्यातून आत झिरपलेले डिझेल पंपाच्या ऑइलमध्ये मिसळते. रोटरी पंपात (एकाच फिरत्या भागातून सगळ्या सिलिंडरांना डिझेल वाटणाऱ्या) वरच्या झाकणाचे पॅकिंग, थ्रॉटलच्या दांड्याची रिंग आणि पुढच्या शाफ्टची सील या जागा पाहाव्या. शाफ्टची सील गेली तर डिझेल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरते. काडीवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि त्याला डिझेलचा वास आला, तर गाडी तिथेच थांबवावी. पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाते आणि मग खर्च रिंगेचा न राहता अख्ख्या इंजिनाचा होतो.

जागा शोधण्याची सोपी रीत अशी : पंप डिझेलने धुऊन फडक्याने कोरडा करावा, त्यावर खडूची भुकटी भुरभुरावी आणि गाडी थोडा वेळ चालवावी. जिथे भुकटी ओली होऊन काळी पडेल तिथेच गळती. हवा शिरते की नाही हे पाहायला रिटर्नच्या (जादा डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या) पाइपाच्या जागी पारदर्शक नळी लावतात, तिच्यातून बुडबुडे धावताना दिसतात. बंजो बोल्टखालचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टखालचे) तांब्याचे वायसर आधी तपासावे. ते रबर नसते. लाल तापवून पाण्यात बुडवले की पुन्हा मऊ होते, आणि बरेचदा खरी गळती तिथेच सापडते. कापूस वाहणाऱ्या गाडीत हे काम पुढे ढकलू नये. ओल्या पंपावर उडून बसलेली रुई वातीसारखी डिझेल पिते आणि तापलेला मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर नेणारा नळ) काही हातांवरच असतो.

इलाज एकच : सगळ्या सील एकदम बदलणे. व्हायटन जातीच्या (फ्लोरीनयुक्त कृत्रिम) रबरावर डिझेलमधल्या या बदलाचा फारसा परिणाम होत नाही आणि ते उष्णताही जास्त सोसते. ते १९५७ मध्ये बाजारात आले. पंपाचा पूर्ण सील किट व्हायटनचा मिळत असेल तर तोच घ्यावा. मात्र नुसत्या रंगावरून व्हायटन ओळखू नये, तपकिरी रंगाचे नायट्राइलही मिळते. पंप खोललाच आहे तर तो टेस्ट बेंचवर (पंप तपासण्याच्या यंत्रावर) लावून कॅलिब्रेशन, म्हणजे डिझेलचे माप जुळवून घ्यावे. रस्त्याकडेला बसून डिलिव्हरी व्हॉल्व्ह सैल केलेल्या पंपाचे सेटिंग बिघडते, गाडी धूर मारते आणि डिझेल जास्त पिते.

वंगणाचा प्रश्न गळतीहून वेगळा, पण तो याच प्रक्रियेतून येतो. पंपाच्या आतल्या भागांना डिझेलच वंगण देते आणि रोटरी पंप तर संपूर्णपणे त्यावर अवलंबून असतो. हायड्रोजनच्या प्रक्रियेत ही वंगणशक्ती घटते. स्वीडनमध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अतिशुद्ध डिझेल आले तेव्हा पंप झिजले आणि त्यातून वंगण वाढवणारी द्रव्ये मिसळण्याची पद्धत रूढ झाली. भारतीय मानक आयएस १४६० मध्येही वंगणशक्तीची कसोटी आहे : ठरलेल्या चाचणीत झिजेचा व्रण ४६० मायक्रॉनच्या आत हवा. त्यामुळे टाकीत टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक दुचाकींचे) किंवा गाळलेले जळके ऑइल ओतण्याची गरज नाही. जळक्या ऑइलातली धातूची कीस नोझल खराब करते. रॉकेल मिसळणे सर्वांत घातक, कारण त्यात वंगण जवळजवळ नसते. आणि आकसलेली रिंग यांपैकी कशानेही तरणी होत नाही.

हंगामानंतर गाडी उभी करायची असेल तर टाकी भरून ठेवावी आणि आठवड्यातून एकदा इंजिन सुरू करून पंपात डिझेल फिरवावे, म्हणजे रबर कोरडे पडत नाही.