लॉनमध्ये तणच जास्त झालंय? नवीन मेक्सिकन गवत लावण्याआधी हे वाचा

नमस्कार मंडळी, बंगल्यापुढचं लॉन आता निम्मं लव्हाळा, निम्मी हरळी आणि मधे मधे आंबुशी, केना असं झालं असेल तर तुमचा पहिला प्रश्न आम्हाला माहितीये, जुनं खरवडून वर तयार गवताचं नवीन कार्पेट कधी टाकून देता? दोन दिवसांत टाकता येतं, पण आम्ही टाकत नाही, आणि का ते सांगतो.

लव्हाळा एकदा उपटून बघा. दांडी बोटांत फिरवली की तीन कडा लागतात, आणि ओढली की वरचा भाग हातात येतो, खाली शेंगदाण्याएवढी काळी गाठ मातीतच राहते. ती फोडली की उटण्यासारखा वास येतो, मोथा म्हणतात तो हाच. एका गाठीला दोऱ्यासारख्या मुळीने दुसरी, तिला तिसरी अशी माळच असते, आणि माळ तुटली की झोपलेल्या गाठी पण फुटायला लागतात. हरळीचं तेच, एक पेर राहिलं तरी पुरे. सुरुवातीला आम्ही पण एका बंगल्यात घाईने वरवर साफ करून गवताचे स्लॅब (मातीसकट कापलेले तयार तुकडे) टाकले होते, महिन्याभरात लव्हाळ्याचे कोंब त्यातून आरपार वर आले, सगळं काढून पुन्हा आमच्या खर्चाने करून दिलं.

तणनाशक मारा की, असं बरेच जण म्हणतात. त्यासाठी वापरतात ते औषध हिरव्या पानातून आत जातं, त्यामुळे ज्या गाठीला अजून पानच फुटलेलं नाही तिला काही होत नाही, शिवाय अंगणात मुलं खेळतात, कुत्री लोळतात. आम्हाला आपलं नाशिकचं ऊन बरं वाटतं. एप्रिलमध्ये पाणी बंद करून वीतभर खोल खणायचं (बहुतेक गाठी एवढ्यातच असतात), जाळीने माती चाळायची, ढेकळं उन्हात तापू द्यायची आणि आठ-दहा दिवसांनी परत पलटी मारायची. उघड्यावर वाळलेली गाठ मरते. मग मुद्दाम पाणी देतो, दहा-बारा दिवसांत जे काय उगवेल ते खुरप्याने गाठीसकट काढतो, असं दोनदा. पाच-सहा आठवडे अंगण उकिरड्यासारखं दिसतं, तेवढं सोसा.

बाहेरून आणलेली लाल माती आणि कच्चं शेणखत हे दोन मोठे चोर आहेत. मातीतून लव्हाळ्याच्या गाठी येतात, कच्च्या शेणातून तणाचं बी आणि वर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी. खत पूर्ण कुजलेलंच हवं, हातात घेतलं की शेणाचा वास यायला नको.

मेक्सिकन हे झोयशिया जातीचं गवत, पान बारीक, विण दाट, पायाला मऊ. वाढीला हरळीपेक्षा संथ, त्यामुळे कापणी कमी लागते पण मोकळी जागा भरायलाही वेळ घेतं, म्हणून थोडा खर्च जास्त झाला तरी स्लॅब एकमेकांना चिकटवूनच लावा असं आम्ही सांगतो, फटी ठेवल्या की तिथे पहिलं तणच येतं. पाच-सहा तास ऊन पाहिजे. आंब्याखाली याचा हट्ट नको, तिथे दुसरं काहीतरी सुचवू.

लावणी जूनच्या सुरुवातीला. पहिले पंधरा दिवस पाऊस नसेल तर सकाळ-संध्याकाळ हलकं पाणी, आणि तीन आठवडे त्यावर चालायचं नाही, पाहुणे आले तरी खुर्च्या टाकू नका. दोन इंच वाढलं की पहिली कापणी, एका वेळी एक तृतीयांशच कापायचं, बुडापर्यंत खरडलं तर पिवळं पडतं आणि तणाला ऊन मिळतं. एखादा लव्हाळा तरी दिसेलच, दर आठवड्याला काढा, कारण तीन-चार आठवडे राहिला की तो खाली नवीन गाठी धरायला लागतो.

हरळी म्हणजे आपल्या दूर्वाच, सगळ्या फेकून द्यायला जीव होत नाही हे आम्हाला कळतं. खणताना थोड्या बाजूला काढून कुंडीत लावून देतो, गणपतीला कामी येतील, फक्त कुंडी लॉनच्या कडेला ठेवू नका, फरशीवर ठेवा, नाहीतर धुमारे लोंबून परत लॉनमध्ये मुळं धरतात.